वहीबाहेरचे ३,९७,७०० रुपये: संचालकाने स्वतःच्या खिशातून केलेल्या कंपनी-खर्चाचं एक प्रकरण

भोसरीतल्या एका गाळ्यात पॅकिंगची छोटी मशीनं जुळवून विकणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. दोनच संचालक, सख्खे बहीण-भाऊ. भागभांडवल १ लाख रुपये, दोघांचं निम्मं-निम्मं. भाऊ गाळा आणि कारागीर सांभाळतात, बहीण ऑफिस आणि वसुली. कारागीर त्यांना दादा आणि ताई म्हणतात, आपणही तेच म्हणू. हे प्रकरण कुठल्या एका खऱ्या कंपनीचं नाही. छोट्या कंपन्यांच्या पहिल्या वर्षात जे पुन्हापुन्हा घडतं, ते एका ठिकाणी आणून, आकडे एकमेकांशी जुळतील असे बेतून मांडलं आहे.

कंपनीची नोंदणी ८ जुलै २०२४ ची. बँकेत चालू खातं उघडलं १२ ऑगस्टला. जीएसटी नंबर मिळाला ५ सप्टेंबरला. गाळा, लॅपटॉप, वेल्डर, वकील यांपैकी कोणीच या तारखांसाठी थांबणारं नव्हतं, त्यामुळे पैसे दादांच्या खिशातून गेले. कधी यूपीआय, कधी क्रेडिट कार्ड, कधी रोख. खातं सुरू झाल्यावर हे थांबायला हवं होतं, पण हात सवयीने स्वतःच्याच फोनकडे जात राहिला.

एप्रिल २०२५ मध्ये वर्षाचा हिशेब बंद करायची वेळ आली, तेव्हा दादांनी एक एक्सेल शीट दिली. खाली बेरीज होती ३,९७,७०० रुपये आणि शेजारी लिहिलं होतं, ‘कंपनीकडून येणे’. अर्धवेळ येणाऱ्या हिशेबनिसाने सुचवलं की ३१ मार्चच्या तारखेला एकच जर्नल टाकू: विविध खर्च नावे ३,९७,७००, दादा जमा ३,९७,७००, म्हणजे तेवढे कंपनी दादांना देणं लागते. पाच मिनिटांचं काम.

ही एक नोंद पडली असती तर त्या वर्षाची वही दुरुस्त होण्यापलीकडे गेली असती. त्या एका आकड्यात खर्च होता, मालमत्ता होती, भांडवल होतं, घरचा किराणा होता आणि एक बिल दोनदा होतं. शिवाय यातले काही व्यवहार वहीत दुसऱ्याच वाटेने आधीच शिरलेले होते.

आधी वहीत काय होतं

हिशेबनिसाने वर्षभरात काहीच नोंदवलं नव्हतं असं नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरचं गाळ्याचं भाडं, प्रत्येकी २०,०००, आणि ४ ऑक्टोबरला वेल्डिंगवाल्याला दिलेले २८,००० रुपये त्याला माहीत होते. बँकेत ते दिसत नव्हते, म्हणून त्याने ते रोकड खात्यातून गेल्याचं दाखवलं. कंपनीकडे रोकड नव्हतीच. त्यामुळे ४ ऑक्टोबरला रोकड शिल्लक उणे ६८,००० झाली. रोकड उणे असू शकत नाही, पेटीत असतील त्याहून जास्त नोटा बाहेर काढता येत नाहीत. मग ती भरून काढायला त्याच तारखेला आणखी एक नोंद पडली: ‘दादांकडून रोख मिळाले ७०,०००’.

छोट्या कंपन्यांच्या वह्यांत ही नोंद फार सहज पडते आणि तितकीच महाग पडते. आयकर कायदा १९६१ च्या कलम २६९एसएसप्रमाणे २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही, आणि घेतलं तर कलम २७१डीखाली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे इथे ७०,०००. प्रत्यक्षात दादांनी कंपनीला एक रुपयाही रोख दिला नव्हता. भाडं तर यूपीआयने गेलं होतं. घडलंच नाही असं उल्लंघन वहीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं.

दुसरी गडबड बँकेच्या बाजूला. १६ डिसेंबरला कंपनीच्या खात्यातून दादांच्या क्रेडिट कार्डाचं ४८,००० रुपयांचं बिल भरलं गेलं आणि ते ‘ऑफिस खर्च’ म्हणून नोंदलं. १० जानेवारीला दादांनी कंपनीच्या एटीएम कार्डावर १५,००० काढले, ते ‘किरकोळ खर्च’ झाले. कार्डाच्या बिलात लॅपटॉपचे हप्ते होते, घरची खरेदीही होती. लॅपटॉप एक्सेल शीटमध्येही होताच. शीट जशीच्या तशी घेतली असती तर लॅपटॉप दोनदा, भाडं दोनदा, वेल्डिंग दोनदा.

या नोंदी खोडून टाकता येत नाहीत आणि टाकूही नयेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एडिट लॉग सुरू असणं सक्तीचं आहे, आणि तो वर्षभर चालू होता का यावर लेखापरीक्षकाला अहवालात लिहावं लागतं. म्हणून दुरुस्ती उलट नोंदीने झाली. ७०,००० ची रोख जमा उलटवली. भाडं आणि वेल्डिंगची ६८,००० ची रोख नोंद उलटवली. पेटीत दिसणारे खोटे २,००० रुपये त्याबरोबर गेले. प्रत्येक उलट नोंदीच्या तपशिलात कारण लिहिलं: ‘व्यवहार संचालकाच्या स्वतःच्या पैशांतून, चुकीने रोकड खात्यात घेतलेला, पुरावा जोडला’.

शीटची चाळण

मग शीटची एकेक ओळ घेतली. प्रत्येक ओळीला चारच प्रश्न. पैसे खरोखर गेले का, आणि त्याचा बँकेतला किंवा कार्डावरचा पुरावा कुठे आहे? ज्यासाठी गेले ते कंपनीचं काम होतं का? बिल कुणाच्या नावावर आहे? आणि हा खर्च आहे की दुसरं काही?

पहिल्याच ओळीला ताई अडखळल्या. “दादा, हे पन्नास हजार कशाचे?” दादांनी ऑगस्टमध्ये कंपनीच्या खात्यात भरलेले ५०,०००. ते त्यांच्या शेअरचे पैसे होते. दादांच्या हिशेबी खिशातून गेलेला प्रत्येक रुपया सारखाच, पण भांडवल हे कंपनीने परत करायचं देणं नव्हे. ते भरल्याचा बँक उतारा जोडूनच कंपनीने व्यवसाय सुरू केल्याचं आयएनसी-२०ए हे घोषणापत्र नोंदणीपासून १८० दिवसांत भरलं होतं. काही जण उलटं करतात. खिशातून केलेल्या खर्चालाच शेअरचे पैसे समजतात आणि खात्यात काहीच भरत नाहीत. मग आयएनसी-२०ए ला जोडायला उतारा नसतो, आणि मुदत उलटली की कंपनीला ५०,००० रुपये दंड लागू शकतो.

पुढे ३५,४०० रुपयांचा कच्चा माल दोनदा निघाला, एकदा कोटेशनवरून आणि एकदा बिलावरून. पेट्रोलच्या पावत्या २२,६०० च्या होत्या, पण कामाच्या फेऱ्यांची यादी काढल्यावर नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि चाकण मिळून १,४६० किलोमीटर भरले. संचालक मंडळाने किलोमीटरला १० रुपये दर ठरवला, त्यात पेट्रोल, टोल आणि गाडीची झीज सगळं आलं. १४,६०० मान्य, ८,००० बाद. किराणा आणि मुलांचे बूट मिळून ६,३२० बाद.

५०,००० + ३५,४०० + ८,००० + ६,३२० = ९९,७२०. एवढे वजा करून कंपनीचं खरं देणं उरलं २,९७,९८०. शीटवर विसंबून सगळी रक्कम दादांना दिली असती तर जवळजवळ १ लाख रुपये कंपनीने आपल्याच संचालकाला फुकट दिल्यासारखे झाले असते, आणि त्याचे पडसाद कुठवर जातात ते पुढे येईलच.

गाडीबद्दल एक सांगायला हवं. दरमहा ठरावीक ५,००० ‘गाडी भत्ता’ देणं सोपं वाटतं, पण फेऱ्यांचा हिशेब नसेल तर तो परतावा ठरत नाही. तो मोबदला ठरतो आणि त्यावर कराचे प्रश्न लागतात. फेरीची तारीख, कुठून कुठे, कुणाकडे, किलोमीटर. एवढी चार खानी वही गाडीत ठेवली की भागतं.

प्रत्येक ओळ आपल्या घरी

मान्य झालेले २,९७,९८० असे बसले: नोंदणीचा खर्च १८,५००, गाळ्याची अनामत ६०,०००, लॅपटॉप ५४,२८०, दोन महिन्यांचं भाडं ४०,०००, कच्चा माल ३५,४००, वेल्डिंग २८,०००, वकिलाची फी ४०,०००, प्रवास १४,६००, दिवाळीत कारागिरांना आणि ग्राहकांना दिलेली मिठाई ७,२००.

सगळ्यात नीट बसलेली ओळ कच्च्या मालाची. १८ सप्टेंबरचं बिल, कंपनीचं नाव, कंपनीचा जीएसटी नंबर. पैसे मात्र दादांच्या यूपीआयने. तिच्या नोंदी पूर्ण देतो, कारण बाकीच्या बहुतेक याच साच्यातून निघतात.

खरेदी व्हाउचर (टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ९), तारीख १८ सप्टेंबर २०२४:
कच्चा माल खरेदी खाते नावे ३०,०००
इनपुट सीजीएसटी खाते नावे २,७००
इनपुट एसजीएसटी खाते नावे २,७००
पुरवठादार खाते जमा ३५,४००

जर्नल व्हाउचर (एफ७), तीच तारीख:
पुरवठादार खाते नावे ३५,४००
दादा – खर्च परतावा खाते जमा ३५,४००

दुसऱ्या नोंदीने पुरवठादाराचं देणं संपतं आणि दादांचं सुरू होतं. तारीख खर्चाची, परताव्याची नव्हे. कंपनीचे हिशेब उपार्जित पद्धतीने, म्हणजे पैसे कधी दिले यावर नव्हे तर खर्च कधी झाला त्या तारखेने ठेवायचे असतात. दादांना पैसे मे महिन्यात मिळाले म्हणून सप्टेंबरचा खर्च मे महिन्याचा होत नाही. मधे पुरवठादाराचं खातं घेण्याचं कारण असं की त्याच्याकडून वर्षात किती घेतलं ते एका ठिकाणी दिसतं, जीएसटीच्या २बी उताऱ्याशी (पुरवठादारांनी आपल्या नंबरावर दाखवलेल्या बिलांची यादी) ताळा बसतो, आणि १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे मिळाल्याचंही वहीतूनच दाखवता येतं. त्या अवधीत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची आपल्या जीएसटीतून मिळणारी वजावट, व्याजासह उलटवावं लागतं.

या बिलाचे ५,४०० रुपये इनपुट क्रेडिट कंपनीला मिळालं. पैसे कुणाच्या फोनवरून गेले याने ते अडलं नाही. लॅपटॉपचे ८,२८० मात्र बुडाले. २२ जुलैला दादांनी तो स्वतःच्या नावाने ऑनलाइन मागवला होता. बिल दादांचं, नंबर कुणाचाच नाही. इतक्या महिन्यांनी ते बदलून मिळत नाही. क्रेडिट नाही, पण लॅपटॉप कंपनीच्या कामाचा होता, म्हणून तो पूर्ण ५४,२८० ला मालमत्तेत घेतला. दादांचं एक पानी पत्र लावलं की हा लॅपटॉप, अमुक सीरियल नंबरचा, कंपनीसाठी घेतला आहे आणि कंपनीचा आहे. तो खर्च खात्यात जात नाही. कंपनी कायद्याच्या अनुसूची २ प्रमाणे त्याचं आयुष्य ३ वर्षं धरून घसारा, आणि आयकरात ४० टक्के. कार्डाच्या हप्त्यांवरचं व्याज कंपनीच्या वहीत आलं नाही. कंपनीने ते द्यायचं कुणाशी ठरवलंच नव्हतं.

अनामतही खर्च नव्हे, येणं आहे. पण तिथे एक व्यवहारी धोका असतो. घरमालकाने २० जुलैच्या ६०,००० ची पावती दादांच्या नावाने दिली होती. गाळा सोडताना तो पैसे दादांनाच परत करेल आणि कंपनीच्या वहीत अनामत लटकत राहील. म्हणून करारपत्राचा दाखला देऊन, रक्कम कंपनीच्या वतीने मिळाली असं त्याच्याकडून लिहून घेतलं. हे काम गाळा ताब्यात असताना होतं, सोडताना होत नाही.

भाड्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) लागला नाही. २०२४-२५ मध्ये वर्षाला २,४०,००० ची मर्यादा होती आणि आठ महिन्यांचं भाडं १,६०,००० होतं. मात्र घरमालकाकडे जीएसटी नोंदणी नसेल आणि भाडेकरूकडे असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावर भाडेकरूनेच रिव्हर्स चार्जने १८ टक्के कर भरायचा आहे. नोव्हेंबर ते मार्चचे दरमहा ३,६०० प्रमाणे १८,००० राहून गेले होते. हे भाडं कंपनीच्याच खात्यातून गेलेलं, म्हणजे या प्रकरणाशी त्याचा थेट संबंध नाही. पण वही उघडली की असं काहीतरी सापडतंच, आणि सापडल्यावर ते व्याजासह भरून टाकावं.

नोंदणीचे १८,५०० जूनमध्ये, म्हणजे कंपनी जन्मण्याआधी गेले होते. सुदैवाने पहिल्या सभेच्या इतिवृत्तात प्रवर्तकांनी केलेला प्राथमिक खर्च कंपनी स्वीकारत असल्याचा ठराव होता. ही सभा नोंदणीपासून ३० दिवसांत घ्यावी लागते आणि असा ठराव तिथेच करून घ्यावा. वहीत संपूर्ण रक्कम त्याच वर्षी खर्ची पडली. आयकरात मात्र कलम ३५डीखाली पाच वर्षांत विभागून वजावट मिळते आणि तिला भांडवलाच्या किंवा प्रकल्पखर्चाच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. भांडवल १ लाख, म्हणून मर्यादा ५,०००, म्हणजे वर्षाला १,०००. १ लाख भांडवलाच्या कंपन्या याचा विचार न करता १८,५०० चा पाचवा हिस्सा सरळ वजा करतात.

पुसता न येणाऱ्या दोन चुका

वेल्डिंगवाल्याचे २८,००० दादांनी एका दिवसात रोख दिले. कलम ४०ए(३): एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरासाठी अमान्य होतो, वरचे १८,००० नव्हे, सगळेच्या सगळे २८,०००. “पण ते तर मी दिले, कंपनीने नाही,” हा दादांचा बचाव स्वाभाविक होता. तो टिकत नाही, कारण खर्च कंपनी मागते आहे आणि त्या खर्चापोटी रोख गेली आहे. कंपनीने दादांना ते नंतर एनईएफटीने परत केले तरी पहिल्या देण्याची रोख पुसली जात नाही. वहीत खर्च राहतो, करपात्र नफ्यात २८,००० परत मिळवले जातात. कलम ११५बीएएचा कमी दराचा पर्याय निवडलेल्या कंपनीचा अधिभार-उपकरासह दर २५.१६८ टक्के, म्हणजे ७,०४७ रुपयांचा कर केवळ रोखीमुळे. वेल्डिंगवाल्याच्या गाळ्यात यूपीआयचा क्यूआर कोड भिंतीवर चिकटवलेला होता.

वकिलाचे ४०,००० तर यूपीआयनेच गेले, ११ नोव्हेंबरला. तिथे चूक टीडीएसची. त्या वर्षी व्यावसायिक फीची मर्यादा ३०,००० होती (१ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली). ४,००० कापून ३६,००० द्यायला हवे होते. संचालक स्वतःच्या फोनवरून पैसे देतो तेव्हा कपातीचा विचार त्याच्या मनात येत नाही, कारण घरच्या वकिलाला पैसे देताना तो कधी करावाच लागलेला नसतो. पण फी कंपनीची आहे, त्यामुळे कपातीची जबाबदारीही कंपनीची. कपातीसाठी लागणारा टॅन हा क्रमांक पॅनबरोबर नोंदणीच्या वेळीच मिळालेला होता.

निस्तरलं ते असं. वकिलांनी ४,००० कंपनीच्या खात्यात परत केले. कंपनीने २१ एप्रिलला ते कर म्हणून भरले. नोव्हेंबर ते एप्रिल हे ६ महिने, महिना १ टक्क्याने व्याज २४०. ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचं टीडीएसचं २६क्यू विवरण भरलंच नव्हतं, त्याची विलंब फी दिवसाला २००. ३१ जानेवारीच्या मुदतीपासून मोजली तर ती १६,००० होते, पण कराच्या रकमेपेक्षा जास्त आकारता येत नाही, म्हणून ४,०००. वर फीच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००, हा खर्च २०२४-२५ मध्ये अमान्य झाला. कर कापून भरल्यामुळे तो २०२५-२६ मध्ये मिळेल. हेच काम ३१ मार्चपूर्वी झालं असतं तर ही शेवटची ओढाताण टळली असती. दादांच्या खात्यात मात्र ४०,००० पूर्ण जमा राहिले, कारण त्यांच्या खिशातून तेवढेच गेले होते आणि वकिलांनी परत केलेले पैसे कंपनीकडे आले.

परतावा आणि कर्ज ही दोन वेगळी खाती

आता दादांचं खातं. जमा बाजूला २,९७,९८०. नावे बाजूला कार्डाच्या बिलाचे ४८,००० आणि एटीएमचे १५,०००, मिळून ६३,०००, जे खर्चातून काढून इथे आणले. ३१ मार्च २०२५ ची शिल्लक २,३४,९८० जमा.

फक्त अखेरची शिल्लक पाहून समाधान मानू नये. तारखेनिशी खातं वाचावं. कुठल्याही दिवशी ते नावे बाजूला गेलं, तर त्या दिवशी कंपनीने संचालकाला उसने दिले असा त्याचा अर्थ होतो. कंपनी कायद्याच्या कलम १८५ ने अशा कर्जाला मनाई आहे. खाजगी कंपन्यांना जून २०१५ च्या अधिसूचनेने सूट आहे, पण तिच्या अटी आहेत: दुसऱ्या कंपनीने तिच्या शेअरमध्ये पैसे गुंतवलेले नसावेत, परतफेडीत कसूर नसावी, आणि बँका वगैरेंचं कर्ज भरणा झालेल्या भांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा ५० कोटींपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, कमी असावं. भांडवल १ लाख असलेल्या कंपनीची दुप्पट २ लाखच. बँकेकडून ५ लाखांची कॅश क्रेडिट घेऊन वापरली की सूट गेली. आयकरात कलम २(२२)(ई) आहे: १० टक्के किंवा जास्त मतदानाचा हक्क असलेल्या भागधारकाला दिलेली उचल, साठलेल्या नफ्यापुरती, लाभांश समजली जाते. नंतर परत केली तरी सुटका नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे १९७७ मध्येच स्पष्ट केलं आहे. इथे १६ डिसेंबरला दादांचे कंपनीकडे ४८,००० पेक्षा कितीतरी जास्त येणं होतं, त्यामुळे खातं कधीच उलटलं नाही. शीटमधले ते ९९,७२० देऊन टाकले असते तर उलटलं असतं.

उरलेल्या २,३४,९८० चं काय करायचं, यावर दादा म्हणाले, “राहू देत कंपनीत, कर्ज म्हणून लिहा.” हिशेबनीस जर्नल टाकायला निघाला: खर्च परतावा खाते नावे, संचालक कर्ज खाते जमा. इथे थांबणं गरजेचं होतं. कर्ज आणि त्याची फेड यांवर २६९एसएस आणि २६९टी लागतात, आणि निव्वळ जर्नल नोंदीने कर्ज मिटवणं हे २६९टीचं उल्लंघन आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलेलं आहे. वाजवी कारण असल्यामुळे त्या प्रकरणात दंड टळला, पण महाराष्ट्रातल्या कंपनीने त्या सवलतीवर भिस्त ठेवून वही लिहू नये. बँकेचा रस्ता दोन नोंदींनी लांब आहे, एवढंच.

म्हणून २५ एप्रिलला कंपनीने दादांना ३४,९८० एनईएफटीने दिले, तपशील ‘खर्च परतावा’. मे महिन्यात एका मशीनचे पैसे आल्यावर उरलेले २,००,००० त्याच तपशिलाने दिले आणि परतावा खातं शून्यावर आलं. दोन दिवसांनी दादांनी स्वतःच्या बचत खात्यातून कंपनीला २,००,००० एनईएफटीने पाठवले, तपशील ‘संचालक कर्ज’. त्याआधी संचालक मंडळाच्या सभेत कर्ज घेण्याचा ठराव झाला: बिनव्याजी, मागणी केल्यावर परत. टॅलीत परतावा खातं ‘करंट लायबिलिटीज’खाली, कर्ज खातं ‘अनसिक्युअर्ड लोन्स’खाली. ही दोन खाती पुन्हा कधी एकत्र करायची नाहीत.

संचालकाकडून घेतलेलं कर्ज ‘ठेव’ समजलं जाऊ नये यासाठी, हे पैसे उसने घेऊन दिलेले नाहीत असं त्याचं लेखी घोषणापत्र लागतं. ते खरं असायला हवं. दादांच्या मूळ खर्चात कार्डाच्या हप्त्यांवरचा लॅपटॉप होता, म्हणजे उसन्या पैशांचा. कंपनीने डिसेंबरमध्ये भरलं ते त्याच कार्डाचं बिल, म्हणून आधीचे ६३,००० प्रथम लॅपटॉपच्या ५४,२८० कडे धरले आणि तसं लिहून ठेवलं. उरलेलं सगळं दादांच्या बचतीतलं होतं, त्यामुळे सही निर्धास्तपणे झाली. ३१ मार्च २०२५ ची शिल्लक ताळेबंदात इतर चालू देण्यांत आणि संबंधित व्यक्तींच्या व्यवहारांत दाखवली. लेखापरीक्षकाशी बोलून ती डीपीटी-३ या कंपनी निबंधकाकडे भरायच्या विवरणातही ठेव नसलेली रक्कम म्हणून दाखवायचं ठरलं, मुदत ३० जून २०२५. हा परतावा आहे, पैसे स्वीकारलेलेच नाहीत, असाही युक्तिवाद करता येतो. पण आठ-नऊ महिने पडून राहिलेल्या रकमेबाबत उघड सांगणं जास्त सुरक्षित.

ताईंचं स्वतःचं येणं ११,८६० होतं: कुरिअर, स्टेशनरी, ब्रॉडबँड. त्यांच्याकडे प्रत्येक पावती तारखेने डकवलेली होती. वीस मिनिटांत नोंदी झाल्या.

हे सगळे आकडे आणि कलमं २०२४-२५ साठीची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा जुना ठराव किंवा पत्राचा नमुना जसाच्या तसा उचलू नये.

मे महिन्याचा पहिला फॉर्म

मे २०२५ पासून एक पानी दावा फॉर्म सुरू झाला. रकाने: तारीख, कुणाला, कशासाठी, रक्कम, कसे दिले, यूपीआय व्यवहार क्रमांक, बिल कुणाच्या नावावर, जीएसटी किती. थर्मल कागदाच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी, कारण ती काही महिन्यांत कोरी होते आणि वह्या-व्हाउचर ८ वर्षं जपायचे असतात. दादांनी कंपनीच्या खर्चासाठी वेगळं बचत खातं धरलं, घरचा एकही व्यवहार त्यातून होत नाही. टीडीएस लागू शकेल अशी कुठलीही रक्कम आणि १०,००० च्या वरचं काहीही वैयक्तिक खात्यातून द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. फॉर्म दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, परतावा १० पर्यंत.

पहिल्याच फॉर्ममधली एक ओळ ताईंनी परत केली. बेअरिंग आणि नटबोल्टचं ४,७२० चं बिल ‘रोख ग्राहक’ नावाने होतं. महिना अजून संपला नव्हता. दादा कंपनीच्या जीएसटी नंबराचा कागद घेऊन दुकानात गेले, दुकानदाराने जुनं बिल रद्द करून नवं दिलं, आणि १४ जूनच्या २बी उताऱ्यात ७२० रुपये कंपनीच्या नावावर दिसले.